रानात मैदान पडलं म्हणजे काय झालं? उपनगराचा विकास आराखडा, सोप्या भाषेत

आमच्या सोसायटीच्या मागे तात्यांचं दीड एकर रान आहे. एकदा सकाळी दूध आणायला गेले, तर तात्या गोठ्यासमोर बाजेवर बसून मोबाइलवरचा एक फोटो दोन बोटांनी मोठा करत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नकाशा होता. मला बघताच म्हणाले, "ताई, जरा बघा बरं. माझ्या रानावर हिरवा चौकोन पडलाय. पोरगा म्हनतो मैदान पडलं. मी रान विकलं न्हाई, कुनाला दिलं न्हाई, मग मैदान पडलं कसं?"

त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. आमचं गाव शहराच्या हद्दीत येऊन फार वर्षं झालेली नाहीत. "डीपी लागला", "डीपी रोड जातोय", "ग्रीन झोन आहे, स्वस्तात मिळतंय" ही वाक्यं इथे चहाच्या टपरीवरही रोज कानावर पडतात. पण डीपी म्हणजे काय आणि तो कुठल्या तत्त्वांवर बनतो हे मलाही ठाऊक नव्हतं. नंतरच्या महिन्यांत कायदा वाचला, नकाशे बघितले, सुनावणीला जाऊन बसले. त्यातून जे समजलं ते तात्यांना सांगितलं तसंच इथे लिहिते आहे.

## वाटणीच्या आधी विहीर आणि वाट

डीपी म्हणजे विकास आराखडा. शहराची सगळी जमीन नकाशावर मांडायची, आज तिथे काय आहे याची पाहणी करायची आणि पुढे कुठे घरं, कुठे बाजार, कुठे कारखाने, कुठे शेती, कुठून रस्ते आणि कुठे शाळा-दवाखाने असतील हे ठरवायचं. महाराष्ट्रात हे सगळं 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली होतं. नकाशाला सरकारची अंतिम मंजुरी मिळाली की तो कायद्याइतकाच बंधनकारक असतो. त्याविरुद्ध बांधकामाची परवानगी मिळत नाही.

पण असा नकाशा लागतोच कशाला? तात्यांना मी वाटणीचं उदाहरण दिलं. चार भावांत रान वाटायचं असतं तेव्हा जाणता बाप आधी विहीर आणि बैलगाडीची वाट बाजूला काढतो. वाटणीपत्रात लिहितो, विहीर सामाईक, वाट सामाईक. मग उरलेल्याचे चार भाग करतो. हे केलं नाही तर मधल्या भावाला स्वतःच्या तुकड्यावर जाता येत नाही आणि विहीर ज्याच्या वाट्याला गेली त्याच्याकडे उरलेल्या तिघांना पाणी मागत फिरावं लागतं.

गावाचं उपनगर होतं तेव्हाही अशीच वाटणी होत असते. फरक इतकाच की भाऊ चार नसून चारशे असतात, ते एकमेकांना ओळखत नाहीत, आणि पुढे तिथे राहायला येणारी हजारो माणसं अजून आलेलीच नसतात. प्रत्येक जण आपापला तुकडा आपल्या सोयीने, आपल्या वेळेला विकतो. एकेका व्यवहारात चूक काहीच नसते. पण सगळे व्यवहार संपतात तेव्हा वाट कुणीच सोडलेली नसते. सामाईक ते आधी बाजूला काढायचं आणि बाकीचं ज्याचं त्याला, हे आराखड्यामागचं पहिलं तत्त्व आहे. माझ्या मते बाकी सगळी तत्त्वं त्याच्याच पोटात येतात.

आपल्याकडे ही गोष्ट रोगाने शिकवली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत हवा-उजेड नव्हता, मोकळी जागा नव्हती. त्यानंतर 1898 मध्ये नगर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झालं आणि शहराबाहेर दादर-माटुंग्याला आधी रस्ते आखून मग वस्ती वसवली गेली. पुढे 1915 चा नगररचना कायदा आला आणि वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले ही तेव्हाची उपनगरं त्या कायद्याखालच्या योजनांतून आखली गेली. खार किंवा पार्ल्याच्या झाडांच्या सरळ रस्त्यांवरून चालताना आज बरं वाटतं, कारण तिथे घरांच्या आधी रस्ते होते.

## झोन: कोण कुणाचा शेजारी

झोन म्हणजे एका प्रकारच्या वापरासाठी ठरवलेला पट्टा. नकाशावर रहिवासी भाग पिवळा दिसतो, म्हणून लोक "यलो झोनची जमीन" म्हणतात. शेतीचा भाग हिरवा. व्यापाराला आणि उद्योगाला वेगळे रंग.

यामागचा विचार शेजाराचा आहे. पत्रा कापायचा कारखाना बाळंतिणीच्या खोलीला लागून नको, इतका साधा. पण पट्टे पाडण्याचाही अतिरेक होतो. सगळी घरं एकीकडे आणि सगळी कामं दुसरीकडे ठेवली की सकाळी सगळं गाव एकाच दिशेने निघतं. पुण्यात हिंजवडीच्या रस्त्यावर अडकलेल्या कुणालाही विचारा. म्हणून आपल्या नियमावलीत रहिवासी झोनमध्येही दुकान, दवाखाना, क्लास चालतात, मात्र समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. पिठाची गिरणी चालत जाण्याच्या अंतरावर असावी आणि तिचा आवाज उशाशी नसावा, एवढा तोल झोनने साधला तर त्याचं काम झालं.

## रस्ता आधी, आणि सलग

आराखड्यातली सगळ्यात महत्त्वाची रेघ रस्त्याची. शाळा दहा वर्षं उशिरा बांधता येते, बाग नंतर करता येते. पण दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्यावर नऊ मीटरचा रस्ता अठरा मीटरचा करणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून रस्त्याची रुंदी आजच्या रहदारीवर न ठरवता पुढे येणाऱ्या वस्तीवर ठरवायची, हे दुसरं तत्त्व.

नऊ मीटर म्हणजे किती ते आमच्या सोसायटीसमोर रोज दिसतं. दोन्ही कडेला गाड्या लागलेल्या असतात, एकेका गाडीला दोन मीटर धरा. मध्ये उरतात पाच. बस अडीच मीटर रुंद. समोरासमोर दोन बस आल्या की एकीला मागे जावं लागतं, आणि त्यातली एक शाळेची असेल तर मागून येणारी रुग्णवाहिकासुद्धा थांबते. पादपथाचा हिशेब तर मी धरलेलाच नाही.

आता मुख्य दुखणं. नकाशावर रस्ता अखंड असतो, जमिनीवर तो तुकड्यातुकड्यांनी येतो. ज्या गटावर, म्हणजे जमिनीच्या ज्या नोंदलेल्या तुकड्यावर, बांधकाम सुरू होतं तेवढ्याच गटातला रस्त्याचा भाग पालिकेच्या ताब्यात येतो. शेजारच्या गटात अजून ज्वारी असेल किंवा भावकीचा दावा चालू असेल, तर रस्ता तिथे थांबतो. आमच्याकडे एका जागी चोवीस मीटरचा गुळगुळीत काँक्रीटचा रस्ता आहे. मध्ये दुभाजक, दुभाजकात बोगनवेल, वर एलईडीचे दिवे. शे-दोनशे पावलांवर निळ्या पत्र्याचं कुंपण येतं आणि रस्ता संपतो. पत्र्याला दुचाकी जाईल एवढं भोक पाडलंय, त्यातून पलीकडच्या बांधावरून लोक शाळेला जातात. पुण्यात अशा तुटलेल्या जागांना "मिसिंग लिंक" म्हणतात.

याचा अर्थ आराखडा चुकला असं नाही. रेघ आखली, पण तिच्यासाठी पैसा आणि भूसंपादनाचा क्रम ठरवला नाही. पुण्याच्या 1987 च्या आराखड्यात शहरात सुमारे 36 किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग दाखवला होता. पिढी बदलली, मार्ग झाला नाही. म्हणून नकाशा बघताना "रस्ता आहे का" एवढं विचारून भागत नाही. त्याचा कुठला तुकडा आधी, कुणाच्या पैशाने, हेही विचारायला हवं.

## एफएसआय: एका एकरात किती माणसं

एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. जमिनीच्या किती पट बांधकाम करता येईल ते सांगणारा आकडा. हजार चौरस मीटरचा भूखंड आणि निर्देशांक 1.1 असेल तर सगळे मजले मिळून 1,100 चौरस मीटर बांधता येतं. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं वगळता राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिच्यात गावठाणाबाहेरच्या मोकळ्या भागात मूळ निर्देशांक 1.1 आहे, पैसे भरून आणि इतर मार्गांनी तो वाढवता येतो. रस्ता जितका रुंद तितकी वाढ जास्त.

हा आकडा बिल्डरच्या नफ्याचा असतो असं आपण समजतो. खरं तर तो आपल्या नळाचा आकडा आहे. ढोबळ हिशेब करून बघू.

शंभर एकरांचा परिसर घ्या. रस्ते आणि मोकळ्या जागा काढून 65 एकर बांधकामाला उरले, म्हणजे साधारण 2 लाख 63 हजार चौरस मीटर. निर्देशांक 1.1 धरला तर सुमारे 2 लाख 89 हजार चौरस मीटर बांधकाम. एका घरामागे 70 चौरस मीटर धरले तर जेमतेम 4,100 घरं. घरटी चार माणसं, म्हणजे साधारण 16,500 लोक. माणशी 135 लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण. रोज 22 लाख लिटरांहून थोडं जास्त पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे सव्वादोनशे टँकर.

आता निर्देशांक 2 करा. घरं 7,500, माणसं 30,000, पाणी 40 लाख लिटर, टँकर चारशे. जमीन तीच, आखलेले रस्ते तेच, जलवाहिनीचा व्यास तोच. केंद्राच्या नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत साधारण 5,000 लोकांमागे एक प्राथमिक शाळा धरली आहे. त्या हिशेबाने आधी तीन-चार शाळा लागत होत्या, आता सहा. वाढलेल्या शाळांची जागा त्याच शंभर एकरांतून कुठून काढणार?

"पण एफएसआय वाढला की घरं स्वस्त होतात ना?" हा प्रश्न आमच्या सोसायटीच्या बैठकीतही आला. काही प्रमाणात होऊ शकतात, घरांचा पुरवठा वाढतो म्हणून. त्यात अडचण अशी की एफएसआय वाढणार ही बातमी पसरली की जमिनीचा भाव आधी चढतो आणि वाढीव घरांचा फायदा बराचसा जमिनीच्या किमतीत जिरतो. मी उंच इमारतींच्या विरोधात नाही. मेट्रोच्या स्थानकाजवळ माणसं दाट राहावीत हे योग्यच आहे, त्यामुळे शेतं वाचतात आणि गाड्या कमी होतात. पण आधी पाणी, सांडपाणी आणि रस्ता, मग मजले. बहुतेक उपनगरांत हा क्रम उलटा लागला आहे. टँकरचा खर्च सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये घर घेतल्यापासून निमूटपणे भरणारे लोक त्या उलट्या क्रमाचीच किंमत भरत आहेत.

## आरक्षण पडलं म्हणजे जमीन गेली का?

तात्यांचा हिरवा चौकोन म्हणजे शेतीचा झोन नव्हे, आरक्षण. शाळा, मैदान, दवाखाना, मंडई, अग्निशमन केंद्र, स्मशानभूमी अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा. आरक्षण पडलं म्हणजे मालकी गेली असं नाही. सातबारा तात्यांच्याच नावावर राहतो, पीक घेता येतं. पण तिथे दुसऱ्या कामासाठी बांधायला परवानगी मिळत नाही आणि त्यामुळे गिऱ्हाईक मिळत नाही. शेतकऱ्याला हे जमीन गेल्यासारखंच वाटतं, आणि त्याचं वाटणं चुकीचं नाही.

ताबा घ्यायचा तर कायद्याने मोबदला द्यावाच लागतो. तो पैशात देता येतो, किंवा टीडीआरच्या रूपाने. टीडीआर म्हणजे बांधकामाचा हक्क कागदावर सुटा करून देणं. तात्या रान पालिकेला देतात. बदल्यात त्यांना प्रमाणपत्र मिळतं की अमुक चौरस मीटर बांधकामाचा हक्क तुमचा. ते बिल्डरला विकता येतं आणि तो ते दुसऱ्या भूखंडावर वापरतो. राज्याच्या नियमावलीत दाट वस्तीबाहेर हा हक्क साधारण जमिनीच्या दुप्पट मिळतो. बाजारात टीडीआरचा भाव कोसळला की मात्र हे प्रमाणपत्र तात्यांच्या पेटीत पडून राहतं. तिसरा मार्ग म्हणजे मालकानेच जागेच्या काही भागावर ती सुविधा बांधून द्यायची आणि उरलेला भाग स्वतः वापरायचा.

आणि पालिकेने काहीच केलं नाही तर? हे प्रत्येक जमीनमालकाला माहीत हवं. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन संपादित झाली नाही, तर कायद्याच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. नोटिसीनंतर 24 महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी ठोस पाऊल उचललं गेलं नाही, तर आरक्षण रद्द समजलं जातं. मालकाच्या बाजूने हे न्यायाचंच आहे; कुणाची जमीन जन्मभर अडकवून ठेवता येणार नाही. पण आमच्या बाजूने बघा. असं एकेक आरक्षण सुटतं तेव्हा उपनगरातलं एकेक मैदान कायमचं जातं. नुकसान दोन्हीकडे होतं आणि कारण एकच, वेळेवर पैशांची तरतूद न होणं.

## "सगळ्यांच्या मैदानासाठी माझंच रान का?"

हा तात्यांचा खरा प्रश्न. मला त्यावर घाईने उत्तर द्यायचं नाही, कारण आराखड्यातली सगळ्यात जुनी आणि न भरलेली जखम हीच आहे. बांधाच्या अलीकडे मैदान पडलं तर भाव पडतो. बांधाच्या पलीकडे त्याच मैदानासमोरची जमीन, तिचा भाव चढतो. तात्यांचं नुकसान आणि शेजाऱ्याचा फायदा एकाच रेघेतून येतात. रेघ कुठेतरी मारावीच लागणार हे मान्य. पण तिचा भार एकानेच का उचलायचा?

याला कायद्यात एक उत्तर आहे आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे: नगररचना योजना, बोलीभाषेत टीपी. एका पट्ट्यातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. त्यातून रस्ते, मैदानं, शाळांच्या जागा काढायच्या. उरलेल्या जमिनीतून प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात, नीट चौकोनी, रस्त्याला लागून असलेला भूखंड परत द्यायचा. मूळ जमिनीपेक्षा तो लहान असतो, अनेकदा साधारण निम्मा. पण आधी वाकडातिकडा, वाट नसलेला तुकडा होता आणि आता रस्त्यावरचा भूखंड आहे, त्यामुळे किंमत वाढते. मैदान एकाच्या रानात पडत नाही, सगळ्यांच्या रानातून थोडं थोडं निघतं. पुन्हा तीच वाटणी, विहीर सामाईक. पुण्याजवळ म्हाळुंगे-माण भागात अशी योजना हाती घेतली गेली. गुजरातमध्ये, विशेषतः अहमदाबादच्या वाढीत, ही पद्धत वर्षानुवर्षं नियमाने वापरली गेली. कायद्याचं मूळ एकच, जुन्या मुंबई प्रांताचं. आपण मात्र ती पद्धत मधल्या काळात मागे टाकली याची मला हळहळ वाटते.

शेतकऱ्यांनी आपणहून एकत्र येण्याचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली आणि तुकड्याने विकण्याऐवजी कंपनी काढून स्वतःच वसाहत उभारली. ते सगळीकडे जमेल असं नाही. तिथे बरीचशी जमीन एकाच आडनावाच्या भावकीत होती, एकमेकांवर विश्वास होता. आमच्या गावात एका गटावर सतरा वारस आणि चार दावे आहेत.

## ओढ्याला सातबारा नसतो

नकाशावर निसर्गाला जागा देणं हे तत्त्व कागदावर सगळेच मानतात. पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी. पण हे मोठ्या नद्यांचं झालं. उपनगरं बुडतात ती ओढ्यांमुळे. उन्हाळ्यात कोरडा पडणारा, दोन ढांगांत ओलांडता येणारा ओढा कुणाच्या लक्षातही नसतो. तो आधी वळवला जातो, मग पाइपात घातला जातो, मग त्यावर पार्किंग होतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि पुणे परिसरात त्या पावसाने 20 हून अधिक माणसं गेली.

टेकड्यांचंही तसंच. पुण्यात 1997 मध्ये हद्दीत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं, ते राहावं म्हणून नागरिक वर्षानुवर्षं भांडले. टेकडी उतारावरचं पाणी धरून ठेवते. ती बोडकी झाली की तेच पाणी तासाभरात खालच्या सोसायटीच्या तळघरात येतं.

## गुंठा-गुंठा घेऊन घर बांधलं त्यांचं काय?

ज्यांना पिवळ्या झोनमधला फ्लॅट परवडत नाही, ते हिरव्या झोनमध्ये गुंठा-दोन गुंठे घेतात. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्याचे पस्तीस तुकडे आणि मध्ये दहा फुटांची वाट. ही माणसं कायदा मोडायला निघालेली नसतात. भाजीवाली, रिक्षावाला, वॉचमन, यांना शहराने कायदेशीर घर परवडेल असं ठेवलेलंच नसतं. सरकारने 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि पुढे त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. दंड भरून कागद नीट होतो, पण दहा फुटांची वाट दहा फुटांचीच राहते, अग्निशमनचा बंब आत जात नाही. म्हणून आराखड्यात लहान घरांसाठी जागा असणं अत्यंत गरजेचं आहे. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत एक एकराच्या आसपास आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांत लहान घरांसाठी 20 टक्के राखण्याची अट आहे. ती किती ठिकाणी मनापासून पाळली जाते, हे आपापल्या भागात ज्याने त्याने बघावं.

## "सगळं आधीच ठरलेलं असतं, हरकत घेऊन काय होणार?"

हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं. पण फेब्रुवारी 2015 मध्ये मुंबईचा प्रारूप, म्हणजे मंजुरीआधीचा कच्चा, आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात ढोबळ चुका निघाल्या. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तू नकाशावरून गायब. लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. नवा आराखडा 2018 मध्ये लागू झाला. पुणे महानगर प्रदेशाचा 2021 चा प्रारूप आराखडाही हजारो हरकती आणि न्यायालयीन वादानंतर 2025 मध्ये सरकारने रद्द केला. म्हणजे हरकतीने काहीच होत नाही असं नाही.

तरी रद्द होण्यात आनंद मानावा असंही नाही. आराखडा नसला म्हणून बांधकामं थांबत नाहीत. कायदा सांगतो की वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा 1987 चा आराखडा सुधारून मंजूर व्हायला 2017 उजाडलं. त्या तीस वर्षांत उठलेल्या इमारतींना नकाशाची वाट बघावी लागली नाही. उशीर होतो तेव्हा सामाईक विहिरीची जागा रोज थोडी थोडी विकली जात असते. त्यामुळे आराखडा पाडण्यापेक्षा तो वेळेत दुरुस्त करून घेणं जास्त मोलाचं.

दुरुस्तीची वेळ कायद्यात ठरलेली आहे. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी ठराविक मुदत असते, अनेकदा जेमतेम महिनाभर. मग महापालिकेत नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. जमीनमालक सगळे येतात, कारण त्यांचं पणाला लागलेलं असतं. फ्लॅटमध्ये राहणारे जवळजवळ कुणीच येत नाहीत. आम्ही सुनावणीला गेलो त्या दिवशी दालनाबाहेर दीडशेच्या वर माणसं होती. बहुतेक सगळी "माझं आरक्षण काढा" सांगायला आलेली. "आमच्या भागात मैदान ठेवा" सांगायला आमच्या सोसायटीचे आम्ही तिघं.

हरकत लिहायला वकील लागत नाही. गट नंबर किंवा सर्व्हे नंबर लिहा, नकाशाच्या कुठल्या पानावर ते आहे ते लिहा, काय चुकलं आणि काय हवं ते चार ओळींत सांगा, सातबारा आणि फोटो जोडा. आवक-जावक विभागात देऊन पोचेवर शिक्का घ्या, कारण सुनावणीचं बोलावणं त्या नंबरावर येतं. स्वतःच्या जमिनीपलीकडे तीन गोष्टी जरूर बघा. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतची रेघ कुठे तुटते का? मुलं चालत जातील एवढ्या अंतरावर शाळा आणि मैदान आहे का? आणि पावसाळ्यात जिथून पाणी वाहताना तुम्ही डोळ्यांनी बघता तो ओढा नकाशावर आहे का?

आमच्या नकाशावर तो नव्हता. तात्यांच्या रानाच्या कडेने वाहणारा ओढा कागदावर चक्क गायब होता आणि त्या जागी पिवळा रंग होता. म्हणून आम्ही दोन हरकती एकत्र दिल्या. तात्यांची अशी, की मैदान एकट्याच्या रानात न टाकता टीपी योजना करून शेजारच्या पाच गटांतून काढा. आमची अशी, की ओढा नकाशावर दाखवा आणि मैदान त्याच्या कडेने सरकवा, म्हणजे पुराच्या पाण्यालाही पसरायला जागा राहील.

सुनावणीत आम्हाला चार मिनिटं मिळाली. तात्यांनी पिशवीतून तीन पावसाळ्यांचे फोटो काढून टेबलावर ओळीने मांडले. एका फोटोत पाणी गोठ्याच्या दुसऱ्या पायरीला लागलेलं होतं. तज्ज्ञांपैकी एक बाई चष्मा सरसावून पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "हा ओढा उगम कुठे पावतो, काका?" तात्यांनी नकाशा आपल्याकडे फिरवून घेतला, टेकडीवर बोट ठेवलं आणि तिथून खाली, वळण घेत घेत, आमच्या सोसायटीच्या भिंतीपर्यंत आणलं. त्या बाईंनी त्या बोटामागून पेन्सिलीने रेघ ओढली.